लिनक्सचं सोवळं आणि वाय-फायचं बंद पाकीट

14 ऑक्टोबर 2025ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले आणि आमच्या सोसायटीत माझा भाव अचानक वधारला. वर्षभराची मुदतवाढ मिळण्याची सोय ठेवली होती, पण विंडोज 11वर जायचं तर टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. थोडक्यात, 2017च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. चालताहेत उत्तम, पण बाद.

खालच्या मजल्यावरच्या काकांचा लॅपटॉप 2015चा. काका बँकेतून निवृत्त झालेले, धडधाकट वस्तू भंगारात द्यायची म्हटलं की त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांच्या पुतण्याने इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवरून एक पेन ड्राइव्ह आणला आणि दुपारभरात विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची संगणकप्रणाली चढवून तो कात्रजच्या बसने परत गेला. स्क्रीन लागला, आवाज आला, मराठी टायपिंगसुद्धा चालू झालं. वाय-फाय मात्र नाही. कोपऱ्यातलं चिन्हच गायब. मधे काळ्या पडद्यावर एक ओळ चमकून गेली होती, ती काकांनी पाकिटाच्या मागे उतरवून घेतलेली: 'फर्मवेअर सापडत नाही.'

लॅपटॉप काखेत मारून काका वर आले. "अगं, फुकटचं आहे म्हणून असं अर्धवट देतात का हे लोक?"

मी म्हटलं, "नाही काका, उलटंय. तत्त्वाचे पक्के आहेत म्हणून अर्धवट आहे." काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेला उत्तर म्हणून हा लेख.

## आधी भाजणीकडे वळू

थालीपिठाची भाजणी घ्या. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे. किती घ्यायचं, कोणतं खमंग भाजायचं, कोणतं नुसतं गरम करायचं, हे सगळं आजीच्या वहीत. ते धान्य गिरणीत गेलं की पीठ होतं. पिठाची थालीपिठं कोणीही लावेल. पण पिठाकडे बघून उडीद किती वाट्या होता हे सांगता येत नाही आणि दळलेल्यातून दाणे परत वेगळे होत नाहीत.

सॉफ्टवेअरचं नेमकं असंच असतं. माणसाला वाचता येईल अशी जी कृती प्रोग्रामर लिहितो तो सोर्स कोड, म्हणजे आजीची वही. तो एका गिरणीतून काढला की संगणकाला चालणारं पीठ मिळतं. विंडोजसारख्या प्रणालीत तुम्हाला फक्त पिठाची पिशवी मिळते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पिशवीबरोबर वहीही मिळते. वापरा, वाचा, बदला आणि बदललेलं शेजारणीला द्या, असे हे चार हक्क. पैसे घ्यायचे की नाहीत हा मुद्दा वेगळा. भाजणी विकत घेतली तरी वही मिळालीच पाहिजे, एवढाच आग्रह.

या आग्रहाचं मूळ एका प्रिंटरमध्ये आहे. 1980च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तिथले रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी सोय करून ठेवली होती: कागद अडकला की ज्यांची पानं रांगेत आहेत त्यांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरला तेच करायला गेले, तर सोर्स कोडच नाही. दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता, त्याने दिला नाही. गुप्ततेच्या करारावर सही केली होती. 1983मध्ये स्टॉलमन यांनी पूर्ण मुक्त प्रणाली बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1985मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. 1991मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला आणि दोन्ही मिळून आज काकांच्या मांडीवर बसलंय ते तयार झालं.

तेव्हा एक लक्षात ठेवा, भांडणाची सुरुवातच हार्डवेअर नीट चालवता येत नाही यावरून झाली होती. पुढे पन्नास लोक भेटतात, "तत्त्व सोडा, प्रिंटर चालू करा" म्हणणारे. अहो, तत्त्व प्रिंटरमधूनच आलंय.

## मग वाय-फाय नेमकं कुठे अडलं?

संगणकातल्या प्रत्येक वस्तूशी बोलायला प्रणालीकडे एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्सचा गाभा आज सुमारे 4 कोटी ओळींचा आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग हे दुभाषेच आहेत. काकांच्या वाय-फायचा दुभाषाही त्यात होता, वहीसकट, पूर्ण मुक्त. अडचण त्याच्या पलीकडे होती.

वाय-फायची चिप म्हणजे स्वतःच एक छोटा संगणक. तिच्यात तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर चालतं, ते फर्मवेअर. पूर्वी ते चिपमध्येच कायमचं कोरलेलं असायचं. आता उत्पादक पैसे वाचवतात. चिप कोरी येते आणि दर वेळी संगणक चालू झाला की प्रणालीने तिला तिचं फर्मवेअर भरवायचं.

असा आचारी डोळ्यांसमोर आणा. हाताला चव आहे, पण रोज सकाळी येतो तो सगळं विसरून. त्याच्या मालकाने तुमच्याकडे एक बंद पाकीट देऊन ठेवलंय. ते हातात दिलं की तो कामाला लागतो. पाकिटातली भाषा फक्त त्यालाच कळते, तुम्ही नुसते पोस्टमन. पाकीट नसेल तर तो ओट्यापाशी उभा राहून शून्यात बघत बसतो.

लिनक्स वेगवेगळ्या मंडळी आपापल्या पद्धतीने बांधून देतात. पुतण्याने आणलेलं लिनक्स हे 'वही नसलेलं काहीही आम्ही झोळीत ठेवत नाही' म्हणणाऱ्या पंथातलं होतं. त्यामुळे दुभाषा हजर, आचारी हजर, पाकीट नाही. आणि खरी मजा पुढेच. ते पाकीट इंटरनेटवर सहज मिळतं, पण उतरवून घ्यायला वाय-फाय लागतं. कपाटाची किल्ली कपाटात.

## "कंपन्या पाकीट उघडून का देत नाहीत?"

कारणं मिश्र आहेत, सगळीच लबाडीची नाहीत. प्रतिस्पर्ध्याला आपली युक्ती कळेल ही भीती आहे. पाकिटातला काही मजकूर त्यांनीच तिसऱ्याकडून करारावर घेतलेला असतो, तो त्यांना वाटता येत नाही. वाय-फाय हा शेवटी रेडिओ. कोणत्या लहरीवर किती ताकदीने बोलायचं याचे देशोदेशी सरकारी नियम आहेत आणि ग्राहकाने छेडछाड केली तर नियामक आपल्याला धरेल असं कंपन्या सांगतात. आणि बऱ्याचदा कारण एवढंच, की मागणारं कोणी नाही.

मागणारे असले की फरक पडतो, हेही खरं. 2008मध्ये अथेरॉस कंपनीच्या चिपसाठी एक पूर्ण मुक्त ड्रायव्हर आला, तोही फर्मवेअरची गरज नसलेला. नंतर तिच्या यूएसबी चिपचं फर्मवेअरही सोर्स कोडसकट खुलं झालं. 2007मध्ये एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची तांत्रिक माहिती प्रसिद्ध करायचं ठरवलं; आज त्यांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच मिळतो, फक्त फर्मवेअर अजून बंद आहे.

जिथे कंपनी बधतच नाही, तिथे लोक पीठ चाखून प्रमाण ताडत बसतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपसाठी 'नूव्हो' हा ड्रायव्हर असाच, वर्षानुवर्षं बाहेरून निरीक्षण करत लिहिला गेला. पण पुढच्या चिपमध्ये कंपनीने पाकिटावर डिजिटल सही आणली. सही कंपनीची नसेल तर चिप पाकीट घेतच नाही आणि मग ती पूर्ण वेगाने धावतही नाही. ही सही यायच्या आधीच, 2012मध्ये, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी या कंपनीला भर सभेत मधलं बोट दाखवलं होतं, ते तिच्या असहकाराच्या वैतागातून. त्या बोटानंतर दहा वर्षांनी, 2022मध्ये, एनव्हिडियाने गाभ्यात बसणारा ड्रायव्हर खुला केला. टाळ्या वाजल्या. मग लोकांनी नीट पाहिलं तर कामाचा बराचसा भाग दुभाष्याकडून काढून चिपवरच्या फर्मवेअरमध्ये हलवलेला. वही दिली, पण वहीत लिहिलंय 'बाकी पाकिटात बघा'.

## मुकटा चालतो, सुती धोतर नाही

आता सोवळ्याच्या घरात डोकावू. ट्रिस्क्वेलसारखी काही लिनक्स आहेत, ज्यांना फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची मान्यता आहे. ती 'लिनक्स-लिब्रे' नावाचा गाभा वापरतात. त्यातून बंद पाकिटं वेचून काढलेली असतात. नुसती काढलेली नाहीत, चिपने मागितली तरी ती भरवायची सोयही बंद केलेली.

पण याच फाउंडेशनचा एक अपवाद आहे. फर्मवेअर चिपमध्येच कोरलेलं असेल आणि ते बदलायची सोयच नसेल, तर ते चालतं. त्याला हार्डवेअरचाच भाग मानायचं.

आमच्या आजीचं सोवळं मला आठवतं. सुती लुगडं रोज धुवून, कोणाचा हात लागणार नाही अशा उंच काठीवर वाळत घालायचं. रेशमी मुकटा किंवा धाबळी असेल तर मात्र रोज धुवायची गरज नाही, ते मुळात सोवळंच. लहानपणी आम्ही विचारायचो, शिवणारा हात तोच, मग कापड बदललं की विटाळ कसा जातो? आजी म्हणायची, "शास्त्र असतं ते."

फाउंडेशनचं शास्त्र अगदीच पोकळ नाही, हे आधी सांगते. त्यांचं म्हणणं असं, की जे कोणालाच बदलता येत नाही, उत्पादकालाही नाही, ते तारेच्या जोडणीसारखं आहे. त्यातून कोणाची कोणावर सत्ता येत नाही. जे उत्पादक बदलू शकतो आणि तुम्ही नाही, तिथे तो तुमच्या यंत्राचा मालक होतो. विचार करण्यासारखं आहे.

पण व्यवहारात त्याचं काय होतं बघा. त्याच बंद फर्मवेअरचा चिपमध्ये पुरलेला अवतार शुद्ध आणि फाइल म्हणून समोर दिसणारा अवतार अशुद्ध. लिब्रेम 5 नावाचा एक तत्त्वनिष्ठ फोन आला. त्यात मेमरी सुरू करणारा एक बंद तुकडा टाळताच येत नव्हता. तो वेगळ्या मेमरी-चिपवर ठेवून बाजूच्या छोट्या प्रोसेसरकडून चालवून घेण्याची तजवीज करावी लागली, म्हणजे मुख्य प्रोसेसरला विटाळ नको. तुकडा तोच. काठी उंच केली.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. प्रोसेसरच्या आतही एक सूक्ष्म फर्मवेअर असतं, मायक्रोकोड. तो बंदच असतो, कारखान्यातून आत बसूनच येतो. जानेवारी 2018मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले आणि स्पेक्टरच्या काही हल्ल्यांपासून वाचायला इंटेलने मायक्रोकोडची नवी आवृत्ती दिली. मान्यताप्राप्त शुद्ध लिनक्स ती देत नाहीत, कारण ती बंद आहे. मग न घेणाऱ्याच्या प्रोसेसरमध्ये काय उरतं? जुना मायक्रोकोड, तोही बंदच, शिवाय सदोष. इथे मला ही भूमिका पटत नाही. न दिसणारं पाकीट म्हणजे पाकीट नाही असं नव्हे.

## "मला कोड वाचता येत नाही, मला काय त्याचं?"

काकांचा हाच प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. बँकेचं लेखापरीक्षण तरी प्रत्येक खातेदार कुठे करतो? पण ते होऊ शकतं, एवढ्याने फरक पडतो.

2017मध्ये 'ब्रॉडपोन' नावाचा दोष उघड झाला. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपच्या फर्मवेअरमध्ये चूक होती आणि त्या चिप अँड्रॉइड फोनमध्येही होत्या, आयफोनमध्येही. वाय-फाय चालू ठेवून कोणाच्या टप्प्यात नुसतं उभं राहणं पुरेसं होतं, काही क्लिक करायचीही गरज नव्हती. गूगल आणि अ‍ॅपलने दुरुस्ती पाठवली. पण ज्या फोनांचे अपडेट तोवर बंद झाले होते, त्यांचं काय? पाकीट बंद, त्यामुळे बाहेरच्या कोणाला ते दुरुस्तही करता येईना.

तुमचा फोन तीन-चार वर्षांत 'जुना' होतो, त्याचंही एक मोठं कारण हेच. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, त्याचा गाभा मुक्तच आहे. पण कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांचे बरेच तुकडे चिप बनवणाऱ्याचे बंद असतात आणि एका ठरावीक आवृत्तीला चिकटलेले असतात. चिपवाल्याने हात वर केले की फोन बनवणाऱ्यालाही पुढची आवृत्ती देणं जड जातं. फोनची बॅटरी लक्ष्मी रोडवर बदलून मिळते. पाकीट कुठल्याच रोडवर मिळत नाही.

याउलट काकांचा दहा वर्षांचा लॅपटॉप आज चालतोय तो का? कारण त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तूंचे दुभाषे वहीसकट गाभ्यात आहेत. उत्पादक विसरला तरी ते कोणीतरी सांभाळतंय.

## डेबियनचं मतदान

डेबियन हे 1993पासून चालत आलेलं लिनक्स. उबंटू त्याच्यावर उभं आहे, आणि मुख्यालय पुण्यात असलेल्या आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं 'बॉस' हे भारतीय लिनक्सही. 1997मध्ये डेबियनने एक सामाजिक करारनामा लिहिला. त्यात एक वचन आहे की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. आणि दुसरं वचन असं, की आमचं प्राधान्य आमच्या वापरकर्त्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला. त्या 'आणि'ने पुढे भलताच घोळ घातला.

2011च्या आवृत्तीत त्यांनी गाभ्यातली बंद पाकिटं बाहेर काढली आणि वेगळ्या खोलीत ठेवली. वापरकर्त्याला वाय-फाय हवं असेल तर त्याने स्वतः खोली शोधायची. शिवाय पाकिटं घातलेली एक 'अनधिकृत' प्रतही डेबियनचीच मंडळी बनवायची, आणि ती सहज सापडायची नाही. घरी कांदा नाही, पण गच्चीत भजी तळायला हरकत नाही, अशातला प्रकार.

दरम्यान लॅपटॉपमधली नेटवर्कची तारेची जागाच नाहीशी व्हायला लागली. वाय-फाय नाही तर काहीच नाही. काही यंत्रांवर तर आवाजालाही फर्मवेअर लागू लागलं. म्हणजे प्रणाली चढवताना दृष्टिहीन माणसाला वाचून दाखवणारा इन्स्टॉलर मुका. मला विचाराल तर वाद इथेच संपायला हवा होता.

2022मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान घेतलं आणि करारनाम्यात दुरुस्ती केली: ज्या हार्डवेअरला लागतं, त्यासाठी अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर ठेवता येईल. 10 जून 2023ला आलेल्या डेबियन 12पासून ते तसं मिळतं. पण नुसतं आत घेतलं नाही. बंद फर्मवेअरची खोली वेगळीच राहिली, कोणती पाकिटं वापरली हे कळायची सोय केली आणि ज्याला नकोच असेल त्याला सुरुवातीलाच नाही म्हणता येतं. मला हा मार्ग पटतो. पाहुणा घरात घ्यावा, पण वहीत त्याची नोंद असावी.

"मग हळूहळू सगळंच बंद होत जाणार नाही का?" हा सोवळ्यातल्या मंडळींचा आक्षेप पोकळ नाही. एनव्हिडियाने काय केलं ते वर सांगितलंच. पण वाय-फायविना परत पाठवलेला माणूस कंपनीला जाब विचारायला जात नाही, तो नवीन लॅपटॉप घ्यायला जातो.

## जुन्या लॅपटॉपचं काय करू?

आधी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा. याला 'लाइव्ह' म्हणतात, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, एवढं तपासा. उबंटू किंवा नवं डेबियन घ्या, पहिल्याच खेपेला ट्रिस्क्वेल नको.

वाय-फाय अडलंच, तर फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा दुभाषा गाभ्यात मुक्तच आहे, पाकीट लागत नाही. किल्ली कपाटाबाहेर येते ती अशी. तत्त्व पाळूनच वाय-फाय हवं असेल, तर अथेरॉसची जुनी यूएसबी चिप असलेलं एखादं डोंगल पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत शोधा. पण खोक्यावर चिपचं नाव लिहिलेलं नसतं आणि दुकानदार वैतागतो, हे धरून चाला.

काकांचं आम्ही केबल लावूनच केलं, वीस मिनिटांत. वाय-फायचं चिन्ह उगवल्यावर त्यांनी डायरी मागवली. मी सांगत गेले, ते उभ्या रेघा मारून लिहीत गेले: वाय-फाय, बंद. ब्लूटूथ, बंद. प्रोसेसरचा मायक्रोकोड, बंद. चौथी ओळ बोटाचा ठसा घेणाऱ्या पट्टीची. ती चालतच नव्हती.

"हिचं पाकीट कुठंय?"

"पाकिटापर्यंत गोष्ट गेलीच नाही काका. हिला दुभाषाच नाही. कंपनीने माहिती दिली नाही आणि चाखून ताडणारंही कोणी भेटलं नाही."

काकांनी क्षणभर विचार केला, खिळे-स्क्रूच्या डब्यातून काळी इन्सुलेशन टेप काढली, नखाने एक चौकोन तोडला आणि त्या पट्टीवर नीट दाबून बसवला.